वातीचे तीन आजार : लास्कोच्या दगडी दिव्यापासून व्हेपच्या टँकपर्यंत

१/
एक लहानशी काचेची टाकी, तिच्यात दाट द्रव. तळाशी तारेचे वेटोळे आणि वेटोळ्यातून ओवलेला कापूस. 'रिबिल्डेबल टँक' नावाच्या व्हेप-उपकरणाची रचना एवढीच. बॅटरी तार तापवते, कापूस द्रव तारेपर्यंत आणून देतो, द्रवाची वाफ होते. हे उपकरण वापरणाऱ्यांच्या तक्रारीही मोजून तीन : घशाला जळका झटका बसतो, तळातून द्रव गळतो, किंवा कॉइल काळी पडते. उपकरण जेमतेम पंधरा-वीस वर्षांचे; तक्रारी मात्र हजारो वर्षांच्या. आजचा धागा त्या तक्रारींच्या इतिहासाचा. #इतिहास #धागा

२/
आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. भारतात ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, साठवण आणि जाहिरात २०१९ च्या कायद्याने निषिद्ध आहे. निकोटिनचे व्यसन आणि फुप्फुसांची हानी हे प्रश्नही खरे आहेत. तेव्हा हा धागा वापराचा सल्ला नव्हे. पण वस्तू निषिद्ध असली तरी तिचा इतिहास निषिद्ध होत नाही. शिवाय या वस्तूतील कापसाच्या एका बोटभर तुकड्यावरून विज्ञानात एक महत्त्वाचा वाद झडला आहे. तिथपर्यंत पोहोचण्यासाठी वात समजून घेणे आवश्यक आहे.

३/
वात म्हणजे एक तोल. खालून जेवढे वर येते तेवढेच वर खर्च व्हावे, ही तिची एकमेव अट. खर्च अधिक आणि पुरवठा कमी झाला की वात स्वतःच जळू लागते. हिला आपण 'उपासमार' म्हणू. पुरवठा अधिक आणि खर्च कमी झाला की द्रव ओसंडतो, हा 'पूर'. आणि न जळलेला, न उडालेला गाळ वातीच्या शेंड्यावर साचत गेला की वाटच बंद होते, ही 'काजळी'. वातीचे आजार हे तीनच. माणसाने त्यांवर उपाय मात्र शेकडो शोधले.

४/
मुळात द्रव वर चढतो कसा? धाग्यांमधील सूक्ष्म फटींत द्रव केशाकर्षणाने ओढला जातो. नळी जितकी बारीक तितका द्रव उंच चढतो, हा नियम जेम्स ज्युरिन यांनी १७१८ मध्ये मांडला. पण बारीक फटीतून द्रव जातो हळू. लुकास (१९१८) आणि वॉशबर्न (१९२१) यांनी या वेगाचे गणित मांडले : द्रव जितका दाट आणि वाट जितकी लांब, तितका प्रवास मंद. म्हणजे घट्ट पिळलेली वात उंच ओढते पण सावकाश पुरवते. सैल वात भराभर पुरवते पण उंच चढवू शकत नाही. वातीचा सगळा इतिहास या एका पेचात सामावलेला आहे.

५/
हा पेच आपल्या देवघरात रोज दिसतो. फुलवात तुपात न भिजवता निरांजनात ठेवली, तर तूप वर येण्याआधी कापसाचा शेंडाच जळून जातो : उपासमार. थंडीत तूप थिजते आणि लावलेले निरांजन थोड्या वेळात मंदावते : द्रव दाट झाल्याने पुरवठा तुटला. समईच्या काठावर टेकलेल्या वातीवरून तेल पाझरत खालच्या ताटलीत ठिबकते : पूर. आणि वातीवर धरलेली काळी टोपी झाडली नाही की ज्योत लाल, धुरकट होते : काजळी. वात पुढे सारणे, काजळी झाडणे, तूप कोमट करणे, ही सारी दुरुस्तीचीच कामे. केवळ त्यांना कोणी तंत्रज्ञान म्हणत नाही.

६/
आता काळाच्या दुसऱ्या टोकाला जाऊ. फ्रान्समधील लास्को गुहेत तांबड्या वालुकाश्माचा, पळीच्या आकाराचा एक दिवा सापडला. वय सुमारे १७,००० वर्षे. त्यात जनावराची चरबी जळत असे आणि वातीसाठी ज्युनिपरच्या काड्या वापरल्या होत्या, असे त्यातील अवशेषांवरून कळते. पसरट दगडी वाटी, काठाजवळ वात, वितळलेल्या चरबीचे लहानसे तळे. वात तळ्याच्या अगदी जवळ असल्याने द्रवाला फार चढावे लागत नाही. पुरवठ्याची वाट आखूड ठेवणे हा उपासमारीवरचा सर्वांत जुना उपाय, आणि आजही तो सर्वांत खात्रीचा आहे.

७/
युरोपात पुढे शतकानुशतके गरिबाघरचा उजेड म्हणजे चरबीची मेणबत्ती. तिचा आजार काजळीचा. चरबी वितळून खाली सरके, पण पिळाची सुती वात ताठ उभी राही. तिचा शेंडा ज्योतीच्या मधोमध, जिथे हवा पोहोचत नाही अशा भागात अडके. तो पूर्ण जळून जात नसे, नुसता कोळसा होऊन वाढत जाई. म्हणून दर काही मिनिटांनी हा शेंडा कापावा लागे. त्यासाठी खास कात्री असे : एका पात्यावर लहानशी डबी, म्हणजे कापलेला निखारा टेबलावर पडू नये.

८/
हे काम किती जाचक होते? काउंट रमफर्ड यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस प्रकाश मोजण्याचे प्रयोग केले. नुकताच शेंडा कापलेल्या हलक्या प्रतीच्या मेणबत्तीचा उजेड त्यांनी १०० धरला. ११ मिनिटांनी तो ३९ वर आला. २९ मिनिटांनी उरला केवळ १६. शेंडा पुन्हा कापला की पुन्हा १००. म्हणजे चरबीच्या मेणबत्तीपाशी बसून वाचणाऱ्याला दर पाच-दहा मिनिटांनी डोके वर काढून वातीची सेवा करावी लागे. उजेड विकत मिळत होता. पण तो टिकवण्याची मजुरी वापरणाऱ्याच्याच माथी होती.

९/
ही मजुरी एका वेणीने संपवली. १८२५ मध्ये फ्रान्समध्ये कांबासेरेस यांनी पिळाच्या वातीऐवजी तीनपेडी विणलेली वात आणली. वेणीत एका बाजूला ताण अधिक असतो. जळताना ती आपोआप बाकते आणि शेंडा ज्योतीच्या बाहेरच्या, हवेशीर भागात येतो. तिथे तो राख होऊन नाहीसा होतो. पुढे वातीला बोरिक आम्लाचे पाणी देऊ लागले, म्हणजे उरलेली राखही वितळून गळून जाई. आपल्या हातातली मेणबत्ती कात्रीशिवाय जळते, यामागे हे विणकाम आहे. कात्री वापरणाऱ्याच्या हातातून गेली आणि तिचे काम कारखान्यातल्या मागाने घेतले.

१०/
त्याच सुमारास द्रवही बदलला. रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेवरल यांनी चरबीचे घटक वेगळे केले. त्यातील स्टिअरिक आम्लापासून कडक, कमी धुराची मेणबत्ती होऊ लागली. चरबी फोडल्यावर मागे एक गोडसर, दाट द्रव उरे. त्याला 'ग्लिसरीन' हे नाव शेवरल यांनीच दिले. मेणबत्तीच्या कारखान्यांना आरंभी त्याचे काय करावे हे कळेना. पुढे १८५० च्या दशकात लंडनच्या प्राइस मेणबत्ती कंपनीने ऊर्ध्वपातनाने ते शुद्ध करून विकायला सुरुवात केली. हे नाव लक्षात ठेवा. वातीच्या इतिहासात ते पुन्हा येणार आहे, आणि या वेळी बाजूला काढलेला गाळ म्हणून नव्हे.

११/
मायकेल फॅरडे यांनी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसाठी मेणबत्तीवर व्याख्याने दिली : १८४८ मध्ये आणि पुन्हा १८६०-६१ च्या नाताळात. मिठाच्या खांबाच्या तळाशी निळा द्रव ओतून तो खांबावर कसा चढतो हे त्यांनी दाखवले. घंगाळाच्या काठावर टाकलेला टॉवेल पाणी कसे बाहेर ओढून जमिनीवर सांडतो, हेही सांगितले. उलटी धरलेली मेणबत्ती विझते, कारण वितळलेले मेण तापून वाफ होण्याआधीच वातीवर लोटते. 'पूर' या आजाराचे इतके सोपे निदान क्वचित कोणी केले असेल : इंधन कमी पडूनच ज्योत मरते असे नाही, अधिक झाल्यानेही मरते.

१२/
तेलाच्या दिव्यांची कहाणी समांतर चालली होती. जिनिव्हाचे आमी आर्गाँ यांनी १७८० च्या सुमारास नळीच्या आकाराची पोकळ वात केली आणि १७८४ मध्ये इंग्लंडमध्ये तिचे पेटंट घेतले. हवा वातीच्या आतूनही, बाहेरूनही. वर काचेची चिमणी, म्हणजे झोत जोराचा. सहा ते दहा मेणबत्त्यांइतका उजेड एका दिव्यातून मिळू लागला. काजळी घटली, कारण तेल पुरते जळू लागले. पण खर्च वाढला की पुरवठाही वाढायला हवा, आणि तिथे हा दिवा अडला. मोहरीच्या जातीतील कोल्झा बियांचे दाट तेल वातीतून फार उंच चढत नसे.

१३/
म्हणून तेलाची टाकी ज्योतीच्या शेजारी, वरच्या अंगाला टांगली गेली. रचना पक्ष्यांना पाणी पाजण्याच्या उपड्या बाटलीसारखी. टाकी वरून बंद. तेल खाली उतरले की आत पोकळी होते आणि ती पोकळीच उरलेले तेल धरून ठेवते. वातीपाशी पातळी खाली गेली की हवेचा एक बुडबुडा आत जातो आणि तितकेच तेल बाहेर येते. अतिशय हुशार रचना. फक्त तिला एक खोड. बंद टाकीतील हवा तापली की ती फुगते आणि तेल बाहेर ढकलते. ही टाकी नीट डोळ्यांसमोर ठेवा. व्हेपचा टँक म्हणजे हीच टाकी, लहान केलेली आणि ज्योतीच्या जागी तार बसवलेली.

१४/
टाकी शेजारी असल्याने तिची सावली पडे. १८०० मध्ये पॅरिसचे घड्याळजी बेर्नार गियोम कार्सेल यांनी टाकी तळाशी नेली आणि घड्याळाच्या यंत्राने तेल वर चढवले. त्यांची खरी युक्ती वेगळीच होती : यंत्र गरजेहून अधिक तेल वर आणी आणि जास्तीचे तेल परत खाली ओघळे. उपासमार टाळण्यासाठी त्यांनी मुद्दाम पूर आणला आणि पुराला परतीची वाट दिली. दिवा उत्तम, पण किंमत श्रीमंतांनाच परवडणारी, आणि बिघडला तर घड्याळजीकडे न्यावा लागे. १८३० च्या दशकात फ्रान्समध्ये फ्रांशो यांनी यंत्राऐवजी स्प्रिंग आणि दट्ट्या बसवला. तो दिवा मध्यमवर्गाच्या घरात पोहोचला.

१५/
मग प्रश्नच उलटा झाला. वात किंवा टाकी बदलण्याऐवजी द्रव बदलला तर? रॉकेल तेलाहून कितीतरी पातळ. ते साध्या पट्टीच्या वातीतून सहज वर चढते. ल्वुव्ह (आजचे युक्रेनमधील ल्विव्ह) येथील औषधविक्रेते इग्नाची लुकासेविच यांच्या रॉकेलच्या दिव्याच्या उजेडात ३१ जुलै १८५३ रोजी तिथल्या रुग्णालयात रात्रीची शस्त्रक्रिया झाली. १८५९ मध्ये अमेरिकेतील टायटसव्हिल येथे ड्रेक यांची तेलविहीर लागली आणि रॉकेल स्वस्त झाले. पंप, स्प्रिंग, टांगलेली टाकी ही सगळी कारागिरी काही वर्षांत अडगळीत गेली. टाकी ज्योतीखाली आली आणि तिथेच राहिली.

१६/
पण प्रत्येक उपायाची किंमत असते. पातळ द्रव म्हणजे लवकर उडणारा द्रव. कच्च्या शुद्धीकरणात रॉकेलमध्ये पेट्रोलसारखे हलके अंश राहत. व्यापारी कधी ते मुद्दामही मिसळत. टाकीत वाफ साचे, दिव्यांचे स्फोट होत, माणसे होरपळत. म्हणून तेल कोणत्या तापमानाला पेट घेणारी वाफ सोडते, हे तपासणे कायद्याने बंधनकारक झाले. फ्रेडरिक एबेल यांनी बनवलेली बंद भांड्याची चाचणी ब्रिटनने १८७९ मध्ये स्वीकारली. वातीतून काय चढते आहे, याची जबाबदारी दिवा लावणाऱ्यावर टाकून चालणार नाही. ती द्रव विकणाऱ्याची आहे, हे तेव्हा मान्य झाले.

१७/
महाराष्ट्रात रॉकेल आले ते चिमणी, कंदील आणि वातीचा स्टोव्ह यांच्या रूपाने. कराडजवळच्या ओगलेवाडीला ओगले बंधूंच्या काच कारखान्यातला 'प्रभाकर' कंदील स्वदेशीच्या काळात घराघरात गेला. वात चढवण्या-उतरवण्याची चक्री, काच वर करण्याचा खटका, वाऱ्यात न विझणारी ज्योत : वातीचे दीडशे वर्षांचे ज्ञान त्या पत्र्याच्या सांगाड्यात सामावले होते. तरीही दिवेलागणीच्या आधी काच राखुंडीने पुसणे, वातीचा जळका काठ सारखा कापणे, रॉकेलमध्ये पाणी उतरले असेल तर वात वाळवणे ही कामे उरलीच. बहुतेक घरांत ती बायकांच्या आणि मुलांच्या वाट्याची होती. अमेरिकेत दीपगृहाच्या राखणदारांना तर 'विकी' हेच टोपणनाव पडले होते : वातवाले.

१८/
विजेचा दिवा आला आणि वात उजेडाच्या इतिहासातून बाहेर पडली. पण वातीचा इतिहास तिथे संपला नाही. १९६३ मध्ये अमेरिकेच्या लॉस अलामोस प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी 'हीट पाइप' तयार केला : बंद नळी, आत थोडा द्रव आणि भिंतीला लावलेली जाळीची वात. तापलेल्या टोकाला द्रवाची वाफ होते, थंड टोकाला ती पुन्हा द्रव होते आणि वात तो द्रव परत आणते. आज कित्येक लॅपटॉप याच तत्त्वावर थंड राहतात. त्यांच्याही वातीला मर्यादा आहे : उष्णता प्रमाणाबाहेर गेली की वात कोरडी पडते. ज्योत नाही, धूर नाही. आजार मात्र तोच, उपासमारीचा.

१९/
योगायोग असा की त्याच १९६३ मध्ये अमेरिकेत हर्बर्ट गिल्बर्ट यांनी बिनधुराच्या, बिनतंबाखूच्या सिगारेटच्या पेटंटसाठी अर्ज केला. १९६५ मध्ये पेटंट मिळाले, वस्तू मात्र बाजारात आली नाही. आजच्या ई-सिगारेटचे जनक मानले जातात ते चीनचे औषधनिर्माते होन लिक. त्यांचे काम २००३ चे. पुढच्या काही वर्षांत या उपकरणात तापणारी तार आणि तिला द्रव पाजणारी वात स्थिरावली. आणि तो द्रव कोणता? प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन. मेणबत्तीच्या कारखान्यात मागे उरलेले शेवरल यांचे ग्लिसरीन आता स्वतःच वातीतून चढू लागले.

२०/
ग्लिसरीन वातीसाठी कठीण द्रव आहे. सामान्य तापमानाला ते पाण्याच्या सुमारे हजारपट दाट असते. प्रॉपिलीन ग्लायकॉल चाळीस-पन्नासपट. म्हणून वातींचे पुन्हा प्रयोग सुरू झाले : कृत्रिम तंतूंचा भरणा, सिलिकाची दोरी, पोलादी जाळीची गुंडाळी, आणि अखेर साधा कापूस. बहुतेक उपकरणांत कॉइल आणि वात कारखान्यातूनच बंद होऊन येते; संपली की फेकायची. 'रिबिल्डेबल' प्रकारात मात्र तार वळणे आणि कापूस ओवणे हे काम वापरणाऱ्याकडे परत आले. दोनशे वर्षांत वात हळूहळू कारखान्याकडे गेली होती. इथे ती पुन्हा हातात आली. हाताबरोबर आजारही परतले.

२१/
पहिला आजार, उपासमार. लक्षण : जळका, घसा पकडणारा झटका. कारणे आता आपल्याला परिचित आहेत. वेटोळ्यात कापूस इतका घट्ट कोंबला की फटीच मिटल्या. कापसाची टोके तळाच्या खाचांत ठासून भरली, त्यामुळे वाट अरुंद झाली. द्रवात ग्लिसरीन फार. नवा कापूस न भिजवताच तार तापवली. ही तर कोरडी फुलवात. किंवा झुरके इतक्या घाईने घेतले की वातीला पुन्हा भरायला अवधीच मिळाला नाही. निदान झाले की उपचार त्यातच सापडतो : टोके विंचरून विरळ करणे, वाट आखूड ठेवणे, द्रव पातळ करणे, तारेची उष्णता कमी करणे. लास्कोपासूनचे उपाय याच चौकटीतले.

२२/
इथे एक बारकावा आहे. वात भरलेली दिसूनही उपासमार होऊ शकते, कारण टाकीत जाणारी हवा अडकलेली असते. द्रव खाली यायचा तर त्याच्या जागी बुडबुडा वर जायला हवा. दाट द्रव आणि अरुंद खाच असेल तर बुडबुडा तोंडाशीच थांबतो आणि पुरवठा तुटतो. आर्गाँच्या काळातील टांगलेल्या टाकीचेही हेच वर्म : वातीची प्रकृती टाकीतल्या हवेवर अवलंबून असते. कापूस तीनदा बदलूनही दोष जात नसेल, तर दोष कापसात नसतो.

२३/
दुसरा आजार, पूर. लक्षण : हवेच्या छिद्रांतून गळती, गुळगुळ आवाज. खाचांत कापूस कमी पडला की बंधारा फुटतो. कापूस तिथे केवळ पुरवठादार नसतो, झाकणही असतो. टाकी भरताना वरचे झाकण उघडले की आतली पोकळी मोडते आणि द्रव थेट खाली धावतो. म्हणून भरण्यापूर्वी हवेची छिद्रे बंद करण्याची रीत. उन्हात तापलेल्या गाडीत किंवा विमानात टँक गळतो तो आतली हवा फुगल्यामुळे : तापमान वाढले किंवा बाहेरचा दाब उतरला, परिणाम एकच. या पुराला कार्सेल यांनी परतीची वाट दिली होती. टँकमध्ये ती नाही.

२४/
तिसरा आजार, काजळी. द्रवातील रंग, स्वाद आणि विशेषतः गोडव्यासाठी घातलेले सुक्रालोज तारेवर करपून बसते. पुटे चढतात, कापसाचा तारेलगतचा भाग काळा पडतो, फटी बुजतात आणि मग पहिला आजारही जडतो. उपाय म्हणजे कापूस फेकून नवा घालणे आणि तार स्वच्छ करणे. दर काही मिनिटांनी कात्री चालवणाऱ्या अठराव्या शतकातील माणसाला हे काम अनोळखी वाटले नसते. कांबासेरेस यांची वेणी ज्योतीत आपली राख आपणच संपवते. तारेभोवतीच्या कापसाला अशी वेणी अजून मिळालेली नाही.

२५/
आता त्या वादाकडे वळू. २०१५ च्या जानेवारीत पोर्टलंड स्टेट विद्यापीठातील संशोधकांनी 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एक पत्र प्रसिद्ध केले. ३.३ व्होल्टवर त्यांना फॉर्मल्डिहाइडयुक्त संयुगे आढळली नाहीत; ५ व्होल्टवर मात्र ती मोठ्या प्रमाणात आढळली. त्यावरून कर्करोगाचा धोका सिगारेटहूनही अधिक असू शकेल, असा अंदाज त्यांनी मांडला. जगभर मथळे झळकले. त्यावर आक्षेप आला तो वातीच्या बाजूने : ५ व्होल्टवर त्या उपकरणातील वात कोरडी पडलेली असणार, असा जळका झुरका कोणी माणूस घेत नाही, यंत्र मात्र घेते.

२६/
त्याच वर्षी कॉन्स्टँटिनोस फार्सालिनोस आणि सहकाऱ्यांनी 'ॲडिक्शन' या नियतकालिकात प्रयोग मांडला. हाताने वात घालता येणारी दोन उपकरणे घेतली. एकात दुहेरी वात, दुसऱ्यात एकेरी. ६.५ ते १० वॅटपर्यंत अनुभवी वापरकर्त्यांना झुरके घ्यायला सांगितले. एकेरी वातीवर ९ आणि १० वॅटला सर्वांनी जळका झटका ओळखला. दुहेरी वातीवर कुठेच नाही. आणि जळक्या स्थितीत घातक अल्डिहाइडांचे प्रमाण ३० ते २५० पटींनी वाढले. द्रव तोच, वॅट तेच, फरक वातीचा. यावरून उपकरण निर्धोक ठरत नाही. विषाची मोजणी करणाऱ्याने वातीची स्थिती नोंदवली नसेल, तर त्याचा आकडा अर्धवट आहे, एवढे मात्र ठरते.

२७/
इतिहासाच्या विद्यार्थ्याला इथे थांबून विचार करावासा वाटतो. रमफर्ड यांच्या मेणबत्तीचा उजेड १०० की १६? दोन्ही आकडे खरे. शेंडा कधी कापला, हे सांगितल्याशिवाय दोन्ही निरर्थक. 'जुन्या काळी मेणबत्तीचा उजेड इतका असे' असे विधान वाचले की विचारायला हवे : कोणाच्या घरातील मेणबत्ती, आणि कात्री कोणाच्या हातात? जिथे शेंडा कापायला नोकर होता तिथे १००. जिथे दिवसभर राबलेली बाई एकटी शिवण घेऊन बसली होती तिथे कदाचित ३९. वस्तूची गुणवत्ता तिच्या देखभालीपासून वेगळी काढता येत नाही, आणि देखभालीची नोंद साधनांत क्वचितच सापडते.

२८/
म्हणून वातीचा इतिहास हा शोधकर्त्यांच्या नामावलीइतकाच देखभालीच्या वाटणीचा इतिहास आहे. वेणी, पंप, रॉकेल, एबेल यांची चाचणी : प्रत्येक टप्प्यावर वापरणाऱ्याचे एखादे काम, एखादी जोखीम यंत्राने, कारखान्याने किंवा कायद्याने उचलली. व्हेपच्या हाताने बांधायच्या टँकमध्ये ती जोखीम पुन्हा एकट्या माणसाच्या बोटांवर आली, आणि या वेळी चुकलेल्या वातीचा धूर काचेवर धरत नाही, छातीत जातो. कंदिलाची काळी काच निदान डोळ्यांना दिसत होती.

२९/
शेवटी एक विनंती. काजळी झाडणे, वात सारणे, वात चढवणे-उतरवणे, फुलवात, तेलवात, चिमणी : मराठीत वातीच्या देखभालीची मोठी शब्दसंपदा आहे आणि ती वापरणारी पिढी आता वयस्कर झाली आहे. कोकणात, विदर्भात, मराठवाड्यात, गोव्यात यांना काय म्हणत? वातीच्या जळक्या शेंड्याला, गळणाऱ्या समईला, भडकणाऱ्या कंदिलाला तुमच्या आजीकडे कोणता शब्द होता? विचारून खाली अवश्य लिहा, गावाच्या नावासह. संग्रहालयात कंदील मिळतो. तो राखणाऱ्यांचे शब्द विचारल्याशिवाय मिळत नाहीत. #मराठी #वात #धागासमाप्त